शिंपल्याची साक्ष आणि अनुमानाची मर्यादा

जे डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी माणसाला खात्रीने काही म्हणता येते का, आणि म्हणता येत असेल तर ती खात्री कोठपर्यंत टिकते, हा भारतीय दर्शनांतील मूलभूत प्रश्न आहे. ईश्वर, आत्मा, कर्म आणि सृष्टीचा आरंभ यांविषयी धर्म बोलतो तेव्हा तो अदृष्टाविषयी बोलत असतो; आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या तळ्यांविषयी भूविज्ञान बोलते तेव्हा तेही, वेगळ्या अर्थाने का होईना, अदृष्टाविषयीच बोलत असते. दोघांनाही समोर असलेल्या कशावरून तरी समोर नसलेल्याकडे जावे लागते आणि या जाण्यालाच शास्त्रकारांनी अनुमान असे नाव दिले आहे. हे दोन्ही प्रवास एकाच तराजूत तोलून पाहिले तर श्रद्धेचे बळ कोठे आहे आणि तर्काचे कोठे, हे अधिक स्वच्छ दिसू लागते. अशा तोलणीसाठी परभणी जिल्ह्याची भूमी फार अनुकूल आहे, कारण तेथे लाव्ह्याचे थर आहेत, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे, आणि जिंतूरजवळच्या नेमगिरीवर काळ, जीव आणि ज्ञान यांचा अतिशय बारकाईने विचार करणाऱ्या जैन परंपरेचे स्थानही आहे.

परभणी जिल्ह्यात विहीर खणली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा खडक लागतो. हा खडक म्हणजे बेसाल्ट, अर्थात भूपृष्ठाच्या भेगांतून वर आलेला आणि पसरून थिजलेला लाव्हा होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या कालखंडात अशा लाव्ह्याचे एकावर एक अनेक थर साचले आणि आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. डोंगरांच्या उतारांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून त्यांना ट्रॅप हे नाव पडले. मात्र हे उद्रेक अखंड चाललेले नव्हते. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत पुष्कळदा दीर्घ काळ जात असे. त्या अवधीत खडकाचा पृष्ठभाग कुजून त्यावर गेरूसारखा तांबडा थर तयार होई, सखल जागी पाणी साचे, त्यात वनस्पती वाढत, मासे आणि गोगलगायी नांदत, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले जाई. दोन लाव्ह्यांच्या मध्ये सापडलेल्या अशा गाळाच्या थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांची जाडी बहुधा थोडी असते, परंतु वर आणि खाली अग्नीने बांधलेल्या या पातळ पोथीत पाण्याचा इतिहास लिहिलेला असतो.

या पोथीची आरंभीची वाचने गोदावरीच्याच खोऱ्याशी निगडित आहेत. गंगाखेडवरून पुढे गेलेली गोदावरी नांदेड ओलांडून जेथे तेलंगणात शिरते, त्या निर्मळच्या डोंगराळ भागातून मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक जॉन ग्रँट माल्कमसन यांनी गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले. जीवाश्म म्हणजे खडकात टिकून राहिलेला प्राचीन जीवाचा अवशेष किंवा त्याचा ठसा. माल्कमसन यांचा प्रबंध १८४० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने छापला आणि त्यातील कवचांचे वर्णन निसर्गाभ्यासक सॉवर्बी यांनी केले; फायसा प्रिन्सेपी ही गोगलगाय आणि युनिओ डेक्कनेन्सिस हा शिंपला यांची नावे त्याच वर्णनातून रूढ झाली. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत नागपूरजवळच्या टाकळी आणि इतर ठिकाणच्या थरांचा अभ्यास केला आणि १८६० मध्ये त्या थरांतील कवचांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे काम आटोपून परतताना ओढा ओलांडत असता बुडून त्यांचा अंत झाला. ज्या काळी युरोपातील अनेक श्रद्धावंत पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानत, कारण आर्चबिशप अशर यांनी बायबलच्या आधारे सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरवला होता, त्या काळी एका धर्मोपदेशकाने खडकातील तळ्यांची साक्ष इतक्या निष्ठेने नोंदवावी, ही गोष्ट धर्म आणि विज्ञान यांच्या इतिहासात मोलाची आहे.

फायसाचे कवच जवळून पाहिले तर ते एका वेगळ्याच विचाराला तोंड फोडते. तिचा शेवटचा वेढा इतका फुगीर असतो की कवचाचा बहुतेक भाग त्यानेच व्यापलेला दिसतो आणि वरचा शेंडा त्यावर लहानशा टोकासारखा बसलेला असतो. पुष्कळदा मूळचे चुन्याचे द्रव्य विरघळून जाऊन त्याच्या जागी गारगोटीच्या जातीचे कठीण द्रव्य बसलेले असते, त्यामुळे कवच उरत नाही, पण त्याचा आकार मात्र तंतोतंत उरतो. शेंडा वर आणि तोंड पाहणाऱ्याकडे असे हे कवच धरले तर त्याचे तोंड डाव्या बाजूला येते, म्हणून शास्त्रज्ञ तिला डावखुरी गोगलगाय म्हणतात. देवघरातला शंख मात्र भाविक उलट धरतो, म्हणजे त्याची निमुळती पन्हळ वर आणि शेंडा खाली. असे धरले असता ज्या शंखाचे तोंड उजवीकडे येते तो दक्षिणावर्ती. तो समुद्रातल्या शंखांत अतिशय दुर्मिळ असल्यामुळे पूजेत त्याला मोठा मान आहे, आणि शास्त्राच्या भाषेत मात्र तोच डावखुरा ठरतो. याचा अर्थ असा की देवघराच्या रीतीने धरली तर दख्खनच्या तळ्यातली प्रत्येक फायसा दक्षिणावर्ती आहे. समुद्रात लाखांत एखादा सापडावा असा जो वेढा, तो या तळ्यांत घरोघरचा होता.

एकाच वेढ्याला एक जण डावा म्हणतो आणि दुसरा उजवा म्हणतो, आणि धरण्याची रीत सांगितली की दोघेही खरे ठरतात. जैन दर्शनातील अनेकांतवाद हेच सांगतो: वस्तूला अनेक धर्म असतात आणि प्रत्येक विधान कोणत्या तरी एका नयाने, म्हणजे एका दृष्टिकोनातून केलेले असते, तो दृष्टिकोन न सांगता केलेले विधान अपुरे राहते. नेमगिरीच्या गुंफांत ज्या नेमिनाथांची मूर्ती आहे त्या बाविसाव्या तीर्थंकरांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, शंख हेच आहे. तरीही अनेकांतवादाचा अर्थ कोणीही काहीही म्हणावे आणि ते खरे मानावे असा नाही, कारण तोंड डावीकडे की उजवीकडे हे धरण्यावर अवलंबून असले तरी फायसाचा वेढा समुद्रातल्या नेहमीच्या शंखाच्या विरुद्ध दिशेचा आहे, ही गोष्ट कोणत्याही धरण्याने बदलत नाही. अनेक दृष्टिकोन मान्य करणे आणि वस्तुस्थिती मान्य करणे यांत विरोध नाही.

आता अनुमानाकडे वळता येईल. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी शेषवत् या प्रकारात कार्यावरून कारणाकडे जाता येते. भाष्यकार वात्स्यायनांनी त्यासाठी दिलेले उदाहरण नदीचे आहे: नदीचे पाणी पूर्वीपेक्षा वेगळे, भरलेले आणि वेगवान झालेले पाहून वर कोठे तरी पाऊस पडला असे ओळखणे. खडकातील शिंपल्यावरून तेथे एकेकाळी गोडे पाणी होते असे म्हणणे हे याच जातीचे अनुमान आहे आणि ते भक्कम आहे, कारण शिंपला पाण्यावाचून घडताना कोणी कधी पाहिलेला नाही. शिंपला आणि पाणी यांच्यातील या अव्यभिचारी संबंधाला, म्हणजे कधीही न मोडणाऱ्या सोबतीला, तार्किक व्याप्ती म्हणतात. जेथे व्याप्ती पक्की तेथे अनुमान पक्के.

परंतु न्यायसूत्रांनीच पुढे या उदाहरणावर आक्षेप नोंदवला आहे. नदी पावसाने फुगते तशी ती कोठे अडवली गेल्यामुळेही फुगू शकते, मग फुगलेल्या पाण्यावरून पावसाचे अनुमान कसे करावे? परभणीकरांना हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही, कारण जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचे दरवाजे उघडले की आकाश निरभ्र असतानाही पूर्णेचे पाणी चढते, आणि तिकडे पैठणहून जायकवाडीचे पाणी सुटले की गोदावरीही अशीच भरते. आक्षेपाला दिलेले उत्तर मार्मिक आहे: चूक अनुमानाची नसते, अपुऱ्या खुणेवर विसंबणाऱ्याची असते. नुसते चढलेले पाणी ही पावसाची खूण नव्हे. वाढलेला वेग, भरपूर फेस आणि वाहत आलेली फळे, पाने, लाकडे हे सारे मिळून पावसाची खूण होते. ज्याला अनुमान करायचे आहे त्याने खुणा पुऱ्या गोळा केल्या पाहिजेत, हा या उत्तराचा मथितार्थ आहे.

प्राचीन तळ्यांच्या बाबतीत हाच पेच दुसऱ्या पायरीवर उभा राहतो. फायसा प्रिन्सेपी किंवा तिच्याशी जवळचे साम्य असलेली कवचे नागपूरच्या परिसरापासून तेलंगणापर्यंत आणि पश्चिमेला कच्छपर्यंत सापडली आहेत. इतक्या दूरच्या तळ्यांत एकच गोगलगाय असेल, तर ती तळी नद्यांनी किंवा पुराच्या पाण्याने एकमेकांना जोडलेली असली पाहिजेत, असे म्हणण्याचा मोह होतो. येथे व्यभिचार म्हणजे अपवाद आडवा येतो, कारण गोगलगाय पाण्यावाचूनही प्रवास करू शकते. चार्ल्स डार्विन यांनी बदकाचे पाय पाण्याच्या टाकीत टांगून पाहिले तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी त्या पायांना चिकटल्या आणि दमट हवेत १२ ते २० तास जिवंत राहिल्या. एवढ्या वेळात बदक शेकडो मैल उडून जाऊ शकते, असे त्यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात लिहिले. फायसा ज्या गटातील मानली जाते त्या गटातल्या गोगलगायी तर फुप्फुसासारख्या पोकळीने हवा घेतात, त्यामुळे त्यांना पाण्याबाहेरचा थोडा काळ अधिकच सहज सोसतो. म्हणून दोन तळ्यांत एकच गोगलगाय सापडणे ही तळी जोडलेली असल्याची खूण खरी, पण ती नुसत्या चढलेल्या पाण्यासारखी अपुरी खूण आहे.

शिंपल्याची गोष्ट निराळी आहे. युनिओच्या कुळातील शिंपल्यांचे पिल्लू, ज्याला ग्लोकिडियम म्हणतात, मादीच्या कवचातून बाहेर पडल्यावर स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून राहावे लागते आणि मग ते गळून तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुजते. गोदावरीच्या वाळूत आजही सापडणाऱ्या लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या शिंपल्यांचे आयुष्य असेच सुरू होते. याचा अर्थ असा की जेथे मासा जाऊ शकतो तेथेच हा शिंपला जाऊ शकतो, आणि मासा पाणी सोडून जात नाही. म्हणून दोन दूरच्या थरांत युनिओची एकच जात खरोखर सापडली, तर त्या दोन जलाशयांमध्ये केव्हा ना केव्हा वाहत्या पाण्याची वाट होती, हे अनुमान गोगलगायीवरच्या अनुमानापेक्षा कितीतरी बळकट ठरते. एकाच थरात शेजारी शेजारी पडलेल्या दोन कवचांपैकी एकाची साक्ष ऐकताना बदकाची शंका मनात ठेवावी लागते आणि दुसऱ्याच्या साक्षीत ती शंका बहुतांशी गळून पडते. फरक कवचाच्या आकारात नाही, त्या जीवाच्या जगण्यात आहे.

तरीही या बळकट साक्षीला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय अनुमान प्रामाणिक होत नाही. पहिली मर्यादा ओळखीची आहे: कवचाच्या बाह्य आकारावरून ठरवलेली जात खरोखर एकच आहे की दिसायला सारख्या अनेक जाती एका नावाखाली आल्या आहेत, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. फायसा प्रिन्सेपी हे नावही पुढे प्लॅटिफायसा या वंशनावाखाली नेण्यात आले. दुसरी मर्यादा काळाची आहे: जोड होती असे शिंपला सांगतो, ती त्याच क्षणी होती असे सांगत नाही, आधी वाहणारी नदी लाव्ह्याने तुटून तिची तळी झाली असतील तरीही दोन्हीकडे तोच शिंपला उरेल. तिसरी मर्यादा प्रमाणाची आहे: पाण्याची वाट होती एवढ्यावरून संपूर्ण दख्खन एकाच महासरोवराखाली होते असे म्हणता येत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतर-ट्रॅपी थरात समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची कवचे मिळाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून समुद्राचा फाटा आत शिरला असावा असे संशोधकांनी मांडले. अशा प्रत्येक नव्या साक्षीदाराची त्याच्या जगण्याप्रमाणे उलटतपासणी करावी लागते.

या साऱ्याचा धर्मविचाराशी संबंध आता स्पष्ट करता येईल. नैयायिकांनी ज्या अनुमानाने नदीवरून पाऊस ओळखला त्याच अनुमानाने जगावरून जगत्कर्ता सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, आणि उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथात त्या प्रयत्नाने फार उंची गाठली. घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार असतो, पृथ्वी हेही कार्य आहे म्हणून तिलाही कर्ता असला पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. जैन आचार्यांनी त्यावर घेतलेला आक्षेप असा की घट आणि कुंभार यांची सोबत लोकांनी पाहिलेली आहे, पण तो कुंभार देहधारी आणि हातापायांचा आहे. त्या व्याप्तीच्या बळावर फार तर तसाच देहधारी कर्ता सिद्ध होईल, आणि जग अनादी असेल तर त्याचे कार्यत्वच सिद्ध व्हावयाचे राहते. हा वाद येथे मिटवण्याचा हेतू नाही. परंतु शिंपल्याच्या उदाहरणाने दोन अनुमानांतील अंतर मोजता येते: पाण्यात शिंपले घडताना माणसाने असंख्य वेळा पाहिले आहे, जग घडताना एकदाही पाहिलेले नाही. अनुमान तेथपर्यंतच जाते जेथपर्यंत व्याप्ती जाते. त्यापुढे जे आहे त्याला श्रद्धा म्हणतात.

श्रद्धेला कमी लेखण्यासाठी हे म्हटलेले नाही. तिला उसन्या पुराव्याची गरज नाही, हे सांगण्यासाठी म्हटलेले आहे. पुराणांनी ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा सांगितला आणि आधुनिक विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते. हे आकडे जवळ आले म्हणून एकाने दुसऱ्याला प्रमाण ठरवणे ही अपुऱ्या खुणेवर विसंबण्याचीच चूक होईल, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. त्याचप्रमाणे खडकातला शिंपला दाखवून जलप्रलय सिद्ध झाला असे म्हणणेही चूक आहे, कारण तो शिंपला शांत तळ्याच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या जगलेला आहे. परंपरेकडून घ्यायचे ते आकडे नव्हेत, तिची दृष्टी घ्यावी. पल्योपम हे कालमान समजावताना जैन ग्रंथ एक योजन रुंद आणि तितकाच खोल खड्डा बारीक केसांच्या तुकड्यांनी गच्च भरल्याची कल्पना करतात आणि शंभर वर्षांनी एक याप्रमाणे तुकडे काढत तो रिकामा होण्यास किती काळ लागेल हे विचारतात. मानवी आयुष्याच्या मापात न मावणारा काळ मनात साठवण्याची ही साधना आहे, आणि ज्याने ती केली त्याला ६.६ कोटी वर्षांची भीती वाटत नाही. शालिग्रामाच्या चक्रांचे कारण सांगताना जुन्या कथांनी वज्रकीट नावाचा दगड कोरणारा जीव कल्पिला. शालिग्रामातील ती चक्रे म्हणजे प्राचीन समुद्रातील अमोनाइट या प्राण्यांचे अवशेष आहेत हे आज माहीत असले, तरी दगडातील आकृतीला जीवच कारण असला पाहिजे हे त्या कथाकारांनी ओळखले होते.

धर्माला या शिंपल्यांकडून आणखी एक गोष्ट मिळते. जैन जीवविचारात शंख आणि शिंपले हे द्वींद्रिय जीव, म्हणजे स्पर्श आणि चव ही दोनच इंद्रिये असलेले जीव मानले आहेत, आणि ज्याला डोळे-कान नाहीत त्यालाही दुःख आहे म्हणून त्याची हिंसा टाळावी असा आदेश दिला आहे. अशा दोन इंद्रियांच्या जीवाने आपल्या जगण्याचा जो ठसा मागे ठेवला, त्याच्या आधाराने पाच इंद्रिये आणि मन लाभलेल्या माणसाला लुप्त नद्यांची वाट सापडते. जीवमात्राविषयी आदर बाळगण्यास याहून सबळ कारण शोधावे लागणार नाही.

म्हणून गोदाकाठी, निर्मळच्या डोंगरात किंवा नागपूरच्या खाणीत ज्याला खडकात एखादे कवच दिसेल त्याने ते फोडून काढण्यापूर्वी जागा, थराची खोली आणि वरखाली असलेला खडक यांची नोंद करावी आणि ती जवळच्या महाविद्यालयातील भूविज्ञानाच्या अध्यापकांपर्यंत पोचवावी; थरातून सुटलेला शिंपला नुसता दगड उरतो, तो साक्षीदार राहत नाही. आणि अदृष्टाविषयी बोलताना, ते देवाविषयी असो वा तळ्याविषयी, प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे की हातात आहे ती खूण गोगलगायीची आहे की शिंपल्याची. जेथे खूण पुरी आहे तेथे ठामपणे बोलावे, जेथे ती अपुरी आहे तेथे तसे सांगावे, आणि जेथे खूणच नाही तेथे नम्रपणे हात जोडावेत; यातच ज्ञानाची आणि भक्तीची, दोहोंचीही प्रतिष्ठा आहे.